घुंगरूवाला सापळा

तांडापेठेतल्या आमच्या दुकानात आता
चिकट पाटी मिळते, पस्तीस रुपयांना एक.
उंदीर चिकटतो, रात्रभर ओरडतो,
सकाळी पाटीसकट घडी घालून फेकायचा.
गिऱ्हाईक विचारतं, "दुसरं काई नाई का बाप्पा?"
आहे. पण विकायला नाही.

खालच्या कप्प्यात, जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यामागे
झिबल हेडाऊचं डोकं ठेवलंय,
म्हणजे त्याच्या हातचे चार सापळे
आणि एक वही, अर्धी वाळवीनं वाचलेली.

माझ्या सासऱ्यांचा आजा. कोष्टी.
दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून
अठरा हात लुगडं विणायचा.
ताण्याला ज्वारीची खळ,
आणि खळीचा वास म्हणजे उंदरांना पंगतीचं बोलावणं.
एका रात्रीत सव्वाशे धागे साफ.
रेशीमकाठ शाबूत, त्यात त्यांना चव लागली नाही.
"मले मजुरी नाई, अन् यायले जेवन,"
वहीची सुरुवात अशी आहे.

पहिला सापळा मडक्यावरचा:
गोल लाकडी रूळ, मधोमध गुळाचा लेप,
पाय पडला की रूळ गर्रकन फिरे
आणि स्वार खाली पाण्यात.
"सात," त्यानं लिहिलंय. मग "अकरा."
मग, "आज बोका बुडाला. बायको बोलत नाई."

दुसरा घुशीसाठी. बिळाच्या तोंडाशी पुरलेली
बांबूची नळी, आत फटाक्यांची बारूद,
ताणलेल्या सुताला नाक लागलं की चाप, चापाची ठिणगी.
उडाली ती शेजारच्या भिकूलाल निखाऱ्याची पायरी.
घूस समोरच्या नालीतून पाहत होती,
असं झिबल म्हणतो.
भरपाई दोन रुपये, आणि नवी पायरी वेगळी.

तिसरा कसा चालतो, कुणाला कळलं नाही.
आरसा आहे, किल्ली आहे, बोटभर झोपाळा आहे.
सासऱ्यांनी एकदा खोलला,
परत बसवला तेव्हा एक खिळा उरला.
तो खिळाही जपलाय.

चौथा मारत नाही.
टिनाचा डबा, डब्याला भोक.
उंदीर मान घालतो, दाणा ओढतो,
टक्क करून पितळी पट्टी गळ्यात बसते.
पट्टीला घुंगरू. मागचं दार उघडं. जा.
हिशेब असा की तो वाजत वाजत बिळात शिरेल,
आणि सगळं गोत त्याला भिऊन
पेठ सोडेल.

ते नेमकं प्लेगाचं साल निघालं.
उंदीर अंगणात येऊन गोल फिरत, पडत.
मग माणसं.
पेठ सुटली. पारडीच्या माळावर
तट्ट्यांच्या झोपड्या, धूर, मोजणी.
झिबल मात्र रात्री चोरून परत यायचा,
चढवलेला ताणा वाळून तुटेल म्हणून.
दिवा न लावता खड्ड्यात उतरायचा.

आणि भिंतीत: छुन्.
मग जवळ. छुन्, छुन्.
मग खड्ड्याच्या तळाशी, पावलापाशी.

त्या रात्रीचं एकच पान आहे, पेन्सिलीनं:
"थो जिता हाये.
मी बी बिळात, थो बी बिळात.
त्याच्या आवाजानं सारे पराले,
आता त्याले कोनी जवळ घेत नसन.
दाना ठेवला."

पुढच्या पानावर पाचव्या सापळ्याचं चित्र.
पट्टी काढण्याचा.
एक कमान, एक आकडा, मऊ कापसाची गादी,
आणि आकडा नेमका कुठं अडकवायचा
ते वाळवीनं खाल्लंय.

गिऱ्हाईक ताटकळलंय.
मी पाटी कागदात गुंडाळते,
आणि कुणी ऐकत नाही असं पाहून सांगते,
"चमचाभर जवसाचं तेल टाकलं की पाय सुटतात."
ते माझ्याकडं पाहत राहतं.
मग उरलेले पंधरा रुपये मागतं.